ब्लूबेरी अडते कुठे? आधी बादलीतलं पाणी तपासा

आजचा भाग ब्लूबेरीवर. गेल्या हिवाळ्यापासून या एका झाडाबद्दल जेवढी विचारणा झाली, तेवढी गुलाबाबद्दलही झाली नाही. इंदूर, नागपूर, हैदराबाद, बडोदा, गुरुग्राम, सगळीकडून प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत येतो: झाड मरत नाही, पण वाढतही नाही. आणलं तेव्हा वीतभर होतं, दोन वर्षांनी वीतभरच आहे. पानं फिकट, शेंडा थबकलेला. रोपाला हजार-बाराशे रुपये मोजलेले असतात, त्यामुळे टाकवत नाही. आणि रोज पाणी घालताना त्याच्याकडे बघवतही नाही.

मी लखनौला हजरतगंजात राहतो. माझ्या गच्चीवर ब्लूबेरीच्या चार कुंड्या आहेत. या झाडाला न मानवणारं गाव शोधायला निघालात तर लखनौ पहिल्या दहांत नक्की येईल. गोमतीच्या गाळाची माती, खाली कंकराचे थर, बोअरिंगचं चुनखडीयुक्त पाणी, मे-जूनमध्ये चाळीसच्या पुढे पारा आणि वर लू. इथून जवळच सिकंदरबागेपाशी राष्ट्रीय वनस्पती अनुसंधान संस्था आहे. या संस्थेने कानपूर रस्त्यावर बंथरा इथे ऊसर जमिनीवर अनेक वर्षं काम केलं आहे. ऊसर म्हणजे आपल्याकडची चोपण जमीन. काही ठिकाणी तिचा सामू दहापर्यंत जातो. शहरातली माती इतकी वाईट नसते, पण कल त्याच बाजूचा. याच पट्ट्यात मलिहाबादचा दशहरी आंबा सुखाने पिकतो आणि ब्लूबेरी उपाशी राहते.

उपाशी हा शब्द मी मोजून वापरतो आहे.

सामू, म्हणजे पीएच, सात असला की माती उदासीन. खाली आम्ल, वर विम्ल. ब्लूबेरीला साडेचार ते साडेपाच सामू लागतो. हे बहुतेकांनी वाचलेलं असतं. पण सामूची मोजपट्टी फूटपट्टीसारखी नाही, हे लक्षात घेतलं जात नाही. प्रत्येक पायरी दहापटीची. पाच आणि सात यांत फरक दोनाचा दिसतो, प्रत्यक्षात तो शंभरपट असतो. लोहाच्या बाबतीत तर सामू एका पायरीने चढला की मातीतल्या पाण्यात विरघळलेलं लोह सुमारे हजारपटीने घटतं. मातीत लोह भरपूर असतं, पण कुलूपबंद. गहू, आंबा, पेरू यांच्या मुळांकडे ते कुलूप उघडायच्या युक्त्या आहेत. ब्लूबेरीकडे त्या जवळपास नाहीत. तिच्या मुळांना केशमुळंही नसतात. मुळं केसासारखी बारीक, वरच्या थरात पसरलेली, आणि रानात एका विशिष्ट बुरशीच्या मदतीने अन्न घेणारी. ती ज्या कुळातली, त्याच कुळातला बुरांश म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन. कुमाऊँ-गढवालमध्ये जिथे बुरांश फुलतो तिथली काळी, भुसभुशीत, पालापाचोळ्याची जमीन आठवा. तिची सख्खी भावंडं आपल्या देशात निलगिरीच्या डोंगरांत आहेत. डोंगर, ढग, पावसाचं पाणी आणि कुजलेला पाला, हे तिचं घर.

ही गोष्ट माणसाला कळायलाही वेळ लागला. अमेरिकेत फ्रेडरिक कोव्हिल हे सरकारी कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ १९०६ पासून ब्लूबेरी लावून बघत होते. तोवर अनेकांनी रानातली झुडपं उपटून आपल्या सुपीक बागेत लावली होती आणि ती तिथे खंगली होती. चांगली माती, चांगलं खत, आणि झाड जागच्या जागी. कोव्हिल यांनी १९१० साली अहवाल काढला. त्यांचं म्हणणं असं की या झाडाला आम्ल मातीच हवी. चुना आणि सुपीक बागेची माती त्याला मारक आहे. न्यू जर्सीत क्रॅनबेरीच्या मळ्यावर राहणाऱ्या एलिझाबेथ व्हाइट यांनी तो अहवाल वाचून १९११ मध्ये त्यांना आपली जमीन देऊ केली. आसपासच्या रानात फळं वेचणाऱ्यांना पैसे देऊन त्यांनी मोठ्या फळांची झुडपं शोधून घेतली, आणि १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं. आज दुकानात प्लास्टिकच्या डबीत मिळणारी ब्लूबेरी त्या कामातून आलेली आहे. तुमच्या कुंडीत चाललंय ते एकशेदहा वर्षांपूर्वीचंच दुखणं आहे, एवढंच सांगायचं होतं.

आता कुणी म्हणेल, मी तर माती विकत आणली, पिशवीवर आम्ल लिहिलं होतं, पहिले सहा महिने झाड छान वाढलंही. मग?

मग पाणी.

आमच्याच इमारतीतल्या एका शेजाऱ्यांचं उदाहरण देतो. बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. दोन झाडं, दोन वर्षं, वाढ शून्य. लोहाची फवारणी झाली, गंधक झालं, कॉफीचा चोथा झाला. मी त्यांच्या नळाचं पाणी घेतलं आणि मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं 'केएच' मोजायचं संच वापरलं. पाच मिलिलिटर पाण्यात थेंब थेंब द्रव घालायचा, रंग बदलला की थांबायचं. एक थेंब म्हणजे एक अंश, एक अंश म्हणजे लिटरला सुमारे अठरा मिलिग्रॅम चुनखडीइतकी विम्लता. त्यांचे सतरा थेंब लागले. लिटरला साधारण तीनशे मिलिग्रॅम.

पुढचा हिशेब त्यांनीच केला. रोज तीन लिटर पाणी, वर्षातले तीनशे दिवस. ९०० लिटर गुणिले ३०० मिलिग्रॅम, म्हणजे २७० ग्रॅम. थोडं खालून वाहून जातं हे धरलं तरी ते दर वर्षी प्रत्येक कुंडीला पाव किलोच्या आसपास चुनखडी खाऊ घालत होते, स्वतःच्या हाताने, न चुकता. बिचारं चिमूटभर गंधक त्याच्यापुढे काय करणार?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेक घोटाळा इथेच होतो. पाण्याचा सामू आणि पाण्याची विम्लता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सामू सांगतो की पाणी या क्षणी किती आम्ल किंवा विम्ल आहे. विम्लता सांगते की ते पाणी आम्लाला किती वेळ तोंड देईल. त्यात विरघळलेलं बायकार्बोनेट हा तिचा दारूगोळा. दोन नळांच्या पाण्याचा सामू साडेसातच असू शकतो. एकाकडे चार फैरी आहेत, दुसऱ्याकडे चारशे. झाडावर परिणाम होतो तो दुसऱ्याचा. टीडीएस मीटरही हे सांगत नाही, कारण तो सगळे क्षार एकत्र मोजतो. संच मिळत नसेल तर गिझरची कॉइल किंवा चहाची किटली बघा. पांढरा खवला धरत असेल तर उत्तर मिळालं.

त्याच न्यायाने आपापल्या गावाचा अंदाज घेता येईल. मुंबईचं तलावांचं पाणी आणि पुण्याचं धरणाचं पाणी बरंच मृदू आहे, तिथे निम्मी लढाई जिंकलेलीच असते. पण त्याच पुण्यात सोसायटी बोअरवेलवर किंवा टँकरवर असेल तर गणित फिरतं. दख्खनच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात, विदर्भ-मराठवाड्यातल्या विहिरींचं पाणी त्यातून झिरपून आलेलं. कोकणात आणि महाबळेश्वरला जांभ्याची माती मुळातच आम्ल, तिथला प्रश्न वेगळा: धो धो पावसात कुंबणारी मुळं.

आता तपासणी. झाडाकडे बघताना मी आधी महिना विचारतो. लखनौत, आणि उत्तर भारतात बहुतेक ठिकाणी, ब्लूबेरी फेब्रुवारी ते एप्रिल फूट काढते, मे-जूनमध्ये दम धरून बसते, आणि पावसाने हवा निवली की ऑगस्ट ते ऑक्टोबर पुन्हा फुटते. उन्हाळ्यातलं थांबणं हा रोग नाही. त्या दिवसांत घाबरून खत घातलंत तर जे उन्हाने झालं नसतं ते खताने होईल. मार्चमध्ये किंवा सप्टेंबरमध्येही फूट नसेल तर मात्र पुढे वाचा.

मग पानं. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, जणू हिरव्या शाईने जाळी काढली आहे, तर लोह मिळत नाही. म्हणजे बहुधा सामू चढला आहे. खालची जुनी पानं सरसकट फिकट पडली असतील तर नत्र कमी. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या-लाल आणि मधोमध हिरवा पट्टा, तर मॅग्नेशियम. कडा तपकिरी करपलेल्या, तर क्षार साठलेत किंवा लू लागली. थंडीत पानं लालसर झाली तर काहीही करू नका, ते तिचं हिवाळ्याचं अंगरखं आहे.

तिसरी तपासणी कुंडीतून गळणाऱ्या पाण्याची, आणि माझ्या मते हीच सर्वांत भरवशाची. सकाळी नेहमीसारखं पाणी द्या. तासाभराने वरून कपभर शुद्ध पाणी, म्हणजे आरओचं किंवा पावसाचं, हळूहळू ओता आणि खालून पडणारे पहिले थेंब वाटीत धरा. त्याचा सामू मोजा. रंगपट्टी चालेल, पेनासारखा मीटर असेल तर उत्तम. मात्र तो अधूनमधून प्रमाणित द्रावणात तपासून घ्या. साडेपाचच्या आत असेल तर सामूचा संशय सोडा. साडेसहाच्या वर असेल तर चोर सापडला. शेजाऱ्यांच्या दोन्ही कुंड्यांनी ७.४ दाखवलं.

चौथी तपासणी करायला लोक कचरतात. झाड कुंडीतून काढून बघायची. दोन वर्षांनीही मुळं नर्सरीतून आलेल्या मुठीएवढ्या गोळ्यातच बसलेली दिसली, भोवतालच्या मातीत एकही पांढरं टोक शिरलेलं नाही, असं फार वेळा आढळतं. नर्सरीने त्या गोळ्यात आम्ल पीट भरलेलं असतं. मुळांनी बाहेरची माती चाखली आणि माघार घेतली. सहा महिने झाड का वाढलं याचंही उत्तर त्या गोळ्यात आहे: तोवर शिदोरी पुरली.

उपायांकडे येण्याआधी आपल्या प्रेमाबद्दल बोलायला हवं. मराठी माणसाला झाड खंगताना दिसलं की तो शेणखत घालतो. नाही भागलं तर चुलीची राख, अंड्याची टरफलं, हाडांची पूड. दुसऱ्या कुठल्याही झाडाला यातलं बरंचसं चालेल. पण राख, टरफलं आणि हाडांची पूड हा सरळ चुनाच. शेणखत आणि गांडूळखत बहुधा सामू सातच्या वर नेणारं आणि क्षार वाढवणारं. ब्लूबेरीच्या कुंडीपासून हे सगळं दूर ठेवा. इकडे लखनौत ऊसर जमिनीचा अनुभव असलेला माळी हमखास जिप्सम सुचवतो. जिप्सम चोपण जमिनीतला सोडियम हाकलतं, त्या कामी ते अस्सल आहे. माती आम्ल करणं त्याला जमत नाही. कॉफीचा उरलेला चोथा जवळपास उदासीन असतो, कारण आम्ल तुम्ही पिऊन टाकलेलं असतं. व्हिनेगर चार दिवसांत जिवाणू खाऊन टाकतात. तुरटीने सामू उतरतो खरा, पण सोबत ॲल्युमिनियम साठत जातं. मी ती वापरत नाही. आणि सगळ्यांत मोठी गफलत आरओच्या मशीनमधून बाहेर पडणाऱ्या टाकाऊ पाण्याची. वाया का घालवा म्हणून ते कुंड्यांना जातं. त्या पाण्यात तर मूळ पाण्यातला चुना आटवून आलेला असतो. त्याने फरशी पुसा.

पाण्यावरचा खरा उपाय छतावर पडतो. लखनौत वर्षाला सुमारे हजार मिलिमीटर पाऊस होतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. शंभर चौरस मीटर गच्चीवर म्हणजे जवळजवळ एक लाख लिटर. आपल्याला त्यातलं किती हवं? चार कुंड्या, दिवसाला प्रत्येकी अडीच लिटर, असे मार्च ते जूनमधले कडक शंभर दिवस: एक हजार लिटर. एक काळी झाकणाची टाकी. पहिल्या एक-दोन पावसांचं धुळीचं पाणी सोडून द्या, मग भरून घ्या. तोंडाला जाळी, नाहीतर डास. एसीतून गळणारं पाणीही क्षाराविना असतं. मी ते पावसाच्या पाण्यात मिसळून वापरतो.

साठवण शक्य नसेल तर नळाच्या पाण्यात सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व. विम्लता तीनशे असेल तर लिटरला अर्धा ग्रॅम, दहा लिटरच्या बादलीला पाच ग्रॅम, साधारण चहाचा एक चमचा. दीडशे असेल तर निम्मं. ढवळून सामू साडेपाचच्या आसपास आला की द्या. ही तडजोड आहे, कारण सायट्रिक ॲसिड मातीतले जिवाणू हळूहळू खातात आणि चुन्याचा काही भाग परत मोकळा होतो. मोठे बागाईतदार गंधकाम्ल किंवा फॉस्फरिक आम्ल वापरतात ते याचसाठी. घरात, मुलाबाळांत, ती बाटली नको. त्यापेक्षा आरओचं गाळलेलं चांगलं पाणी निम्मं मिसळा.

गंधकाबद्दलही सांगतो. गंधक स्वतः आम्ल नाही. मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात, त्याला ओल, ऊब आणि महिने लागतात. आज टाकून आठवड्याने मोजणाऱ्याची निराशा होते, मग तो आणखी टाकतो, आणि दोन्ही हप्ते एकदम फळाला आले की मुळं जळतात. जुन्या मातीवर व्हिनेगर टाकून बघा. फेस आला तर तिच्यात मोकळा चुना आहे, अशा मातीत गंधक घालत बसण्यापेक्षा माती फेकून द्या. जमिनीत खड्डा खणून लावायचं तर लखनौच्या मातीत मी कुणालाच सांगणार नाही. भोवतालचा चुना भिंतीतून आत येतोच.

कुंडी बदलायची वेळ इकडे ऑगस्टचा शेवट किंवा फेब्रुवारी. मे महिन्यात तर मुळीच नको. दोन भाग पीट मॉस, एक भाग कोकोपीट, एक भाग परलाइट. कोकोपीट दोन-तीनदा गोड्या पाण्यात धुऊन घ्या, त्यात समुद्रकाठचं मीठ असतं. पीटच्या पिशवीवर चुना मिसळल्याचं लिहिलं असेल तर ती परत ठेवा. मुळांचा गोळा पावसाच्या पाण्यात बुडवून बोटांनी अलगद सैल करा, जुनी माती जाऊ द्या, आणि पूर्वी होतं त्याच खोलीवर लावा. वर चार बोटं पाचोळ्याचं आच्छादन. आमच्याकडे रानीखेतकडून येणारं कुणी असलं की मी चीडाच्या सुया मागवतो, तिकडे त्यांना पिरूल म्हणतात. त्यांनी माती फारशी आम्ल होत नाही, लोक उगाच तसं म्हणतात. पण ओल टिकते, मुळं गार राहतात आणि हवा खेळते.

नत्र अमोनियम स्वरूपातलं द्या, कारण नायट्रेट पचवायची ताकद हिच्यात थोडी. अमोनियम सल्फेट दोन-तीन ग्रॅम, दोन लिटर पाण्यात, फुटीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, आणि तेही नवी फूट दिसल्यावरच. पालाश हवं तर सल्फेटचं घ्या. म्युरिएट ऑफ पोटॅशमधलं क्लोराइड तिला सोसत नाही. लोह तातडीने द्यायचं तर 'ईडीटीए'चं चिलेट सामू साडेसहाच्या वर टिकत नाही, 'ईडीडीएचए'चं टिकतं. एप्रिलपासून दुपारच्या उन्हाला हिरवी जाळी.

जात कोणती? आपल्या मैदानी गावांना कमी थंडीच्या जातीच. फ्लोरिडात आणि मिसिसिपीत रानातल्या सदाहरित ब्लूबेरीशी संकर करून त्या काढल्या: शार्पब्लू, मिस्टी, बिलॉक्सी वगैरे. सिमल्याहून आणलेली थंडीतली जात लखनौत डोळे उघडणारच नाही. आणि चिठ्ठीवर जातीचं नाव नसेल, नुसतं 'ब्लूबेरी' लिहिलं असेल, तर ते बियांचं रोप असू शकतं. त्याच्या वाढीबद्दल कुणीच हमी देऊ शकत नाही.

शेजाऱ्यांच्या झाडांची कुंडी गेल्या ऑगस्टच्या अखेरीस बदलली, पाणी पावसाचं. जुनी पिवळी पानं पिवळीच राहिली. ती सहसा परत हिरवी होत नाहीत, त्यांच्याकडे बघून निकाल लावू नका. पाचव्या आठवड्यात एका झाडाच्या बुडातून करंगळीएवढा लालसर कोंब आला, दिवाळीपर्यंत तो हातभर झाला. दुसरं अजून विचारात आहे. त्याची मुळं निम्मी काळी पडलेली होती, त्यामुळे मला त्याची खात्री नाही आणि मी तसं त्यांना सांगितलं आहे.

फेब्रुवारीत पहिल्या झाडाला पांढऱ्या घंटांचे घोस लागले. खंगून उठलेल्या झाडाची पहिल्या वर्षाची फुलं खुडायची असतात, म्हणजे ताकद लाकडात जाते. त्यांनी सगळी खुडली, एक घोस सोडून. नातवाला दाखवायला, म्हणाले. एका घोसाने काही बिघडत नाही.